ट्रान्सफॉर्मेशनला कॉलनी येत नाहीत: सेल्स गेल्यात, क्षार ओलावलाय की अँपिसिलिन मेलंय?

पेट्रीडिश_पार्ले | ८ जुलै, रात्री ९.४०

एमएस्सी भाग २ साठी ट्रान्सफॉर्मेशनचं (जिवाणूत बाहेरचा डीएनए घालण्याचं) प्रात्यक्षिक बसवायचंय, विद्यार्थी ३०. दोन आठवडे प्लेट कोऱ्या निघताहेत. एखाद्या प्लेटवर पाच-सहा कॉलनी दिसतात, तर जुन्या प्लेटवर एका मोठ्या कॉलनीभोवती खसखशीएवढ्या बारीक कॉलनींचं कडं.

आमच्याकडे असलेलं सामान असं:

ई. कोलाय जिवाणूचा स्ट्रेन डीएच५ अल्फा. प्लाझ्मिड (अँपिसिलिनला प्रतिकार देणारा गोल डीएनए) पीयूसी१९, मायक्रोलिटरला १०० नॅनोग्रॅम. त्यातले २ मायक्रोलिटर घेतो. कॅल्शियम क्लोराइडची ५०० ग्रॅमची बाटली गेल्या वर्षी उघडलेली. लेबलवर अणुभार ११०.९८ आहे म्हणून लिटरला ११.१ ग्रॅम घेऊन ०.१ मोलार केलं. सेल्स एकदाच करून, १०० मायक्रोलिटरचे भाग पाडून फ्रीजरमध्ये ठेवल्या. फ्रीजर म्हणजे घरगुती डबल डोअर फ्रीजचा वरचा कप्पा. मायनस ८० अंशाचा फ्रीजर आमच्याकडे नाही. अँपिसिलिनचा स्टॉक १०० मिग्रॅ/मिलि, दोन महिने ४ अंशाला. प्लेट तीन आठवड्यांपूर्वी ओतलेल्या. हीट शॉक (डीएनए आत जावा म्हणून सेल्सना दिलेला उष्णतेचा झटका) ४२ अंशाला ९० सेकंद, १.५ मिलिच्या ट्यूबमध्ये.

एचओडी म्हणतात तयार कॉम्पिटंट (डीएनए आत घेऊ शकणाऱ्या) सेल्स मागवा. मागवण्याआधी चूक नेमकी कुठे आहे ते कळायला हवं.

---

कंट्रोल_आधी | ८ जुलै, रात्री १०.२५

अजून काहीही मागवू नका. चार प्लेट लावा, उद्या सकाळी बरंचसं उलगडेल. त्याही ताज्या ओतून लावा, त्या तीन आठवड्यांच्या नकोत.

पहिली प्लेट साध्या एलबीची (जिवाणूंचं पोषक माध्यम). त्यावर फक्त सेल्स, डीएनए नाही, अँपिसिलिन नाही. पण सेल्स तशाच ओतल्यात तर गालिचा उगवेल आणि किती जिवंत होत्या ते कळणार नाही. १० मायक्रोलिटर सेल्स ९९० मायक्रोलिटर थंड एलबीत, हे लागोपाठ तीन वेळा करा, म्हणजे दहा लाख पट पातळ झालं. त्यातले १०० मायक्रोलिटर पसरा. नीट केलेल्या ताज्या सेल्सच्या काहीशे कॉलनी यायला हव्यात. आठ-दहाच आल्या तर सेल्स फ्रीजरमध्येच मेल्यात, पुढचं सगळं व्यर्थ.

दुसरी: त्याच सेल्स, डीएनए नाही, अँपिसिलिनच्या प्लेटवर. ही कोरीच राहिली पाहिजे. काही उगवलं तर अँपिसिलिन गेलंय किंवा तुमची डीएच५ अल्फा शुद्ध नाही.

तिसरी: १ नॅनोग्रॅम पीयूसी१९ घालून पूर्ण पद्धत, मग अँपिसिलिनवर. १०० नॅनोग्रॅमचा स्टॉक टीई बफरमध्ये शंभर पट पातळ केलात की मायक्रोलिटरला १ नॅनोग्रॅम होतो. २०० नॅनोग्रॅम घालून कार्यक्षमता (एका मायक्रोग्रॅम डीएनएमागे किती कॉलनी) मोजता येत नाही, तेवढ्या डीएनएला सेल्स संपृक्त होतात आणि आकडा उगाच कमी दिसतो.

चौथी लोक विसरतात. ज्या ई. कोलायमध्ये पीयूसी१९ आधीच आहे तो अँपिसिलिनच्या प्लेटवर ओढा. तो उगवलाच पाहिजे. नाही उगवला तर प्लेटमध्ये अँपिसिलिन भलतंच जास्त पडलंय, किंवा बाटलीत अँपिसिलिन नसून दुसरंच काहीतरी आहे. कॅनामायसिनचा आणि अँपिसिलिनचा स्टॉक शेजारी, दोन्हीवर पुसटलेलं मार्कर, हे दृश्य कॉलेजच्या फ्रीजमध्ये नवं नाही.

बारीक कॉलनींच्या कड्याबद्दल: मधली मोठी कॉलनी बीटा-लॅक्टमेझ हे एन्झाइम बाहेर सोडते, भोवतालचं अँपिसिलिन फुटतं आणि तिथे प्लाझ्मिड नसलेल्या सेल्सही वाढतात. त्यांना सॅटेलाइट म्हणतात. त्या उचलून मिनीप्रेप कराल (प्लाझ्मिड काढायला जाल) तर हाती काही लागणार नाही. इन्क्युबेशन १६ ते १८ तासांवर थांबवा.

---

क्षारभांडार | ८ जुलै, रात्री ११.१०

माझा संशय कॅल्शियम क्लोराइडवर आहे.

बाटलीवर ११०.९८ लिहिलंय म्हणजे ते निर्जल. डायहायड्रेटचा रेणुभार १४७.०१. (तुम्ही अणुभार लिहिलंय, रेणुभार म्हणायचं होतं.) निर्जल क्षार एक पावसाळा उघडझाप झालेल्या बाटलीत निर्जल राहत नाही. हवेतलं पाणी ओढत तो डायहायड्रेटकडे आणि त्याच्याही पुढे जातो. समजा तुमचा क्षार सरासरी डायहायड्रेट झालाय, तर लिटरला ११.१ ग्रॅम घेऊन ०.१ नव्हे, ०.०७५ मोलार मिळालं. चमच्याला चिकटणारे ढेकूळ असतील तर त्याहूनही कमी.

आता एवढ्याने कॉलनी शून्यावर येत नाहीत हे खरं. ५० मिलिमोलारवरही लोक सेल्स करतात. पण दर वेळी वेगळी तीव्रता येते आणि म्हणून एकदा सहा कॉलनी, एकदा शून्य. मॅग्नेशियम क्लोराइड हेक्साहायड्रेट याहून वाईट, जुलैत झाकण सैल राहिलं तर बाटलीच्या तळाशी चक्क पाक होतो.

तपासायचं असेल तर शेजारच्या केमिस्ट्री विभागात जा, दहा मिनिटांचं काम आहे. तुमचं द्रावण दहा पट पातळ करा, त्यातले १० मिलि फ्लास्कमध्ये, सोडियम हायड्रॉक्साइडने पीएच १२ च्या वर न्या, चिमूटभर म्युरेक्साइड टाका आणि ०.०१ मोलार ईडीटीएने टायट्रेट करा. गुलाबीचा जांभळा झाला की थांबा. बरोबर ०.१ मोलार असेल तर १० मिलि लागतील, साडेसात लागले तर ०.०७५.

पुढच्या वेळी डायहायड्रेट मागवा, १०० ग्रॅमचीच बाटली. ५०० ग्रॅम स्वस्त पडते म्हणून घेतात आणि ४०० ग्रॅम पाणी पीत बसते. बाटली उघडल्या दिवशीच १ मोलारचा स्टॉक करून टाका: १४.७ ग्रॅम, आकारमान १०० मिलि, ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळा, १० मिलिचे भाग पाडा. द्रावणात गेल्यावर हवेशी भांडण उरत नाही. वापरताना दहा पट पातळ करायचं, तेही त्याच दिवशी, बर्फात.

उरलेली बाटली डेसिकेटरमध्ये. त्यातली निळी सिलिका गुलाबी झाली असेल तर डेसिकेटर हा नुसता काचेचा डबा आहे. ११० ते १२० अंशाच्या ओव्हनमध्ये दोन-तीन तास ठेवा, परत निळी होते. मुंबईत जून ते सप्टेंबर हे दर पंधरा दिवसांनी करावं लागतं.

आणखी एक, फ्रीजमधून काढलेली पावडरची बाटली लगेच उघडू नका. अँपिसिलिन, एक्स-गॅल, आयपीटीजी, सगळ्यांना लागू. ४ अंशाची बाटली जुलैच्या हवेत उघडली की आत दव धरतं, पुढच्या वेळी पावडरची वडी झालेली असते. अर्धा-पाऊण तास टेबलावर राहू दे, बाहेरचं पाणी पुसा, मग झाकण काढा.

---

अँटॉपहिल_अगार | ९ जुलै, सकाळी ७.१५

अँपिसिलिनचं मी सांगते. ४ अंशाला दोन महिने ठेवलेला स्टॉक फेकून द्या, त्यावर चर्चा नको. पाण्यात अँपिसिलिनचं बीटा-लॅक्टम वलय आपोआप फुटत जातं. ४ अंशाला दोन-तीन आठवडे धरा, मायनस २० ला १ मिलिचे भाग करून ठेवलंत तर काही महिने. एकदा वितळलेला भाग परत गोठवायचा नाही.

घेताना सोडियम सॉल्ट घ्या. ट्रायहायड्रेट पाण्यात १०० मिग्रॅ/मिलि विरघळत नाही, कॉलेजात कितीतरी वेळा ते दुधासारखं पांढरं पाणी गाळून वापरलेलं असतं आणि मग सगळे म्हणतात की अँपिसिलिनने काम केलं नाही. केलं कुठून, ते फिल्टरवरच राहिलं.

प्लेट ओतताना: एलबी अगारची तयार पावडर असेल तर मिलर फॉर्म्युल्याला लिटरला ४० ग्रॅम. त्यात ट्रिप्टोन १०, यीस्ट एक्स्ट्रॅक्ट ५, मीठ १०, अगार १५. अगार नसलेला ब्रॉथ लिटरला २५ ग्रॅम. १२१ अंशाला १५ पौंडावर १५ ते २० मिनिटं. बाहेर काढून बाटली सहज हातात धरवेल इतकी निवू द्या, म्हणजे ५० अंशाच्या आसपास. चटका बसत असताना अँपिसिलिन टाकलंत तर ते तिथेच संपलं. ४०० मिलिला ४०० मायक्रोलिटर स्टॉक, म्हणजे मिलिला १०० मायक्रोग्रॅम. बाटली गोल गोल फिरवायची, वरखाली हलवायची नाही, बुडबुडे येतात. ९० मिमीच्या प्लेटला २० मिलि.

पावसाळ्यात प्लेट वाळत नाहीत. ओल्या प्लेटवर पसरलेल्या सेल्स वाहतात आणि कॉलनी एकमेकींत मिसळतात. लॅमिनार हूडमध्ये झाकण उघडून २०-२५ मिनिटं, किंवा ३७ अंशाच्या इन्क्युबेटरमध्ये उलटी, झाकण तिरकं. मग उलट्या रचून, पिशवीत बांधून ४ अंशाला, पिशवीवर तारीख. तीन आठवडे झाले की सॅटेलाइट दिसायला लागतात. तुमच्या प्लेट नेमक्या त्याच वयाच्या आहेत.

कार्बेनिसिलिन जास्त टिकतं, सॅटेलाइटही कमी. पण महाग. ३० मुलांच्या प्रात्यक्षिकाला ताज्या प्लेट हाच स्वस्त उपाय.

---

पेट्रीडिश_पार्ले | ९ जुलै, सकाळी ८.०५

रेणुभारच. झोपेत टाइप केलं.

दोन प्रश्न. खरेदीला तीन कोटेशन लागतात, अँपिसिलिन पावडर यायला महिना जाईल. तोवर प्रिन्सेस स्ट्रीटच्या किंवा स्टेशनबाहेरच्या केमिस्टकडचं चालेल का? आणि मायनस ८० नसताना सेल्स ठेवायच्या कुठे?

---

अँटॉपहिल_अगार | ९ जुलै, सकाळी ८.४०

कॅप्सूल नको. त्यात ट्रायहायड्रेट असतं, शिवाय भराव. इंजेक्शनची ५०० मिग्रॅची व्हायल चालते, ती सोडियम सॉल्टच असते आणि निर्जंतुक. ५ मिलि निर्जंतुक पाणी घातलं की १०० मिग्रॅ/मिलि तयार. अर्थात शेड्यूल एचचं औषध आहे, चिठ्ठी लागते. कॉलेजच्या डॉक्टरांकडून घ्या.

पण लेबल डोळ्यांजवळ धरून वाचा. नुसतं अँपिसिलिन हवं. क्लॉक्सासिलिनबरोबरचं नको, आणि सल्बॅक्टमबरोबरचं तर अजिबात नको. सल्बॅक्टम बीटा-लॅक्टमेझला अडवतं, म्हणजे तुमच्या प्लाझ्मिडने दिलेली प्रतिकारशक्तीच बांधून ठेवतं. मग प्लाझ्मिड आत शिरलेल्या सेल्सही मरणार आणि तुम्ही महिनाभर कॅल्शियम क्लोराइडला दोष देत बसणार.

---

मायनस_वीस | ९ जुलै, दुपारी १.३०

सेल्स ठेवूच नका. मायनस ८० नसेल तर सर्वांत चांगली जागा म्हणजे बर्फ, एक रात्र.

०.१ मोलार थंड कॅल्शियम क्लोराइडमध्ये सेल्स १२ ते २४ तास ०-४ अंशाला ठेवल्या की कार्यक्षमता कमी होत नाही, उलट चार ते सहा पट वाढते. २४ तासांनंतर उतरायला लागते. ही गोष्ट १९७९ पासून माहीत आहे. प्रात्यक्षिक मंगळवारी असेल तर सोमवारी दुपारी सेल्स करायच्या.

आदल्या रात्री एक कॉलनी ५ मिलि एलबीत. सकाळी त्यातले १ मिलि १०० मिलि ताज्या एलबीत, ५०० मिलि किंवा १ लिटरच्या फ्लास्कमध्ये. हवा खेळली पाहिजे. १०० मिलि कल्चर २५० च्या फ्लास्कमध्ये कोंबू नका. ३७ अंश, १८० ते २०० आरपीएम. दीड तासानंतर दर १५ मिनिटांनी ६०० नॅनोमीटरला ओडी (कल्चरचा गढूळपणा) मोजा. ०.३५ ते ०.४ ला थांबायचं. इथे गफलत होते: ०.३ पासून ०.६ ला जायला अर्धा तास पुरतो आणि तेवढ्यात कोणीतरी चहाला गेलेलं असतं. ०.६ च्या पुढे गेलेलं कल्चर वापरू नका, पुन्हा लावा.

फ्लास्क बर्फात १५ मिनिटं, हळूहळू फिरवत. इथून पुढे प्रत्येक गोष्ट थंड: ट्यूब, टिप, द्रावण, रोटर. ५० मिलिच्या दोन ट्यूब, ४ अंशाला ३००० जी, १० मिनिटं. सेंट्रिफ्यूज थंड होणारं नसेल तर बकेट आणि रोटर आदल्या रात्री फ्रीजमध्ये ठेवा आणि ५ मिनिटंच फिरवा. वरचं पाणी पूर्ण ओता, ट्यूब टिश्यूवर मिनिटभर उलटी ठेवा. उरलेलं मीडियम कॅल्शियम पातळ करतं.

पेलेटवर (तळाशी बसलेल्या सेल्सवर) ३० मिलि बर्फगार ०.१ मोलार कॅल्शियम क्लोराइड. व्होर्टेक्स नाही, पिपेटने फटके नाहीत. ट्यूब बर्फात धरून मनगटाने गोल फिरवत राहा. पेलेट आधी शेवयांसारखा सुटतो, मग धुरासारखा पसरतो. दोन-तीन मिनिटं जातात. बर्फात अर्धा तास. पुन्हा सेंट्रिफ्यूज. या वेळी पेलेट सैल, कडेला कड्यासारखा पसरलेला दिसला तर खूश व्हा, कॅल्शियमने काम केलंय. प्रत्येक ट्यूबमध्ये २ मिलि कॅल्शियम क्लोराइड घालून मिसळा. बर्फाच्या डब्यात, डबा फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, रात्रभर.

तुमच्या गोठवलेल्या सेल्सबद्दल: ग्लिसरॉल घातलं होतं का ते लिहिलं नाहीत. नसेल तर त्या पहिल्याच रात्री मेल्या. १५ टक्के ग्लिसरॉल असतं तरी मायनस २० ला फार दिवस तगत नाहीत. आणि डबल डोअर फ्रीज म्हणजे फ्रॉस्ट फ्री. त्यात बर्फ साचू नये म्हणून हीटर ठरावीक वेळाने चालू होतो, कप्प्यातलं तापमान वरखाली होतं, ट्यूबमधले बर्फाचे कण दर वेळी मोठे होत सेल्स फाडतात. एन्झाइमही त्यात ठेवू नका. रिस्ट्रिक्शन एन्झाइम ५० टक्के ग्लिसरॉलमध्ये असल्यामुळे गोठत नाहीत, पण हे हेलकावे त्यांना सोसत नाहीत. लायगेज (डीएनएचे तुकडे जोडणारं एन्झाइम) बफरमधलं एटीपी तर आधी जातं. जागा नसेलच तर थर्मोकोलच्या डब्यात जेल पॅक भरून, डबा कप्प्याच्या मागच्या भिंतीशी. विभागाने फ्रीजर घ्यायचाच असेल तर डायरेक्ट कूल डीप फ्रीजर घ्या, आइस्क्रीमवाल्यांचा असतो तसा. बर्फ खरवडावा लागतो, पण आतलं तापमान हलत नाही.

दिवाळीच्या सुट्टीत मेन स्विच बंद करण्याची प्रथा तुमच्याकडे आहे का तेही बघा. मुंबईत वीज जात नाही, घालवली जाते. फ्रीजरच्या प्लगवर आणि पॅनलच्या त्या स्विचवर मोठ्या अक्षरात मराठीत चिठ्ठी लावा.

---

जीन_जोगेश्वरी | ९ जुलै, दुपारी ३.५०

एवढ्या खटपटीपेक्षा तयार सेल्स घ्या ना. कोटीच्या पुढची कार्यक्षमता मिळते. आणि हीट शॉक दोन मिनिटं द्या, पीसीआर मशीनमध्ये, तापमान अचूक राहतं.

---

मायनस_वीस | ९ जुलै, संध्याकाळी ४.२०

तयार सेल्स ड्राय आइसमध्ये, मायनस ७८ ला येतात आणि आल्याबरोबर मायनस ८० मध्ये जाव्या लागतात. त्यांच्याकडे ते नाही. ड्राय आइसच्याच डब्यात ठेवायचं म्हटलं तर साध्या थर्मोकोलमधून रोज काही किलो उडून जातो. एक दिवस ठेवायला ठीक, महिना नाही. ज्या दिवशी येतील त्याच दिवशी वापरणार असाल तर विचार करा.

मागवल्याच तर काही गोष्टी. माल सोमवारी निघेल असं ऑर्डरवर लिहा. शुक्रवारी निघालेला डबा शनिवार-रविवार गोदामात बसतो. विसर्जनाच्या आणि मोठ्या पावसाच्या आठवड्यात मागवू नका. डबा आला की सही करण्याआधी उघडा: ड्राय आइस शिल्लक आहे का, ट्यूब कडक आहेत का. उभ्या ट्यूबमध्ये गोठलेला थर तिरका, भिंतीला लागलेला दिसला तर वाटेत वितळून आडवा पुन्हा गोठलाय, परत पाठवा. ट्यूबचा फोटो, लॉट नंबर, वेळ, तिथल्या तिथे. आणि उरलेला ड्राय आइस बंद झाकणाच्या बाटलीत किंवा सिंकमध्ये टाकू नका, उघड्या हवेशीर खोलीत उडू दे. त्याचा डबा घेऊन एसी लोकलमध्ये चढायचा विचारही नको, बंद डब्यात कार्बन डायऑक्साइड साचतो.

हीट शॉकचा वेळ ट्यूबच्या भिंतीवर ठरतो. पीसीआरच्या ०.२ मिलिच्या पातळ ट्यूबमध्ये ३० सेकंद, १.५ मिलिच्या ट्यूबमध्ये ४५, जाड भिंतीच्या १५ मिलिच्या ट्यूबमध्ये ९०. पातळ ट्यूबमध्ये दोन मिनिटं म्हणजे सेल्स शिजवणं झालं. मूळ प्रश्नातले ९० सेकंदही १.५ मिलिला जास्तच आहेत.

---

क्षारभांडार | ९ जुलै, संध्याकाळी ६.००

बर्फाचं राहिलं. आइस मशीन नसेल आणि बर्फाची लादी फोडून आणत असाल तर चालेल, पण ट्यूबची झाकणं पॅराफिल्मने बांधा, ते पाणी आत जाता कामा नये. थोडं पाणी घालून लगदा करा. नुसत्या मोठ्या खड्यांमध्ये ट्यूबभोवती हवा राहते. आणि जास्त थंड व्हावं म्हणून मीठ टाकू नका. मिठाने लगदा शून्याच्या खाली जातो, सेल्स गोठतात. कुल्फीला ठीक आहे.

फ्लास्क कशाने धुता? साबणाचा अंश राहिला तरी सेल्सची कॉम्पिटन्स जाते. कल्चरचे आणि कॅल्शियमचे फ्लास्क वेगळे ठेवा, नळाच्या पाण्याने दहा वेळा, डिस्टिल्डने तीन वेळा विसळा, भरून ऑटोक्लेव्ह करा, ते पाणी ओतून द्या, मग वापरा.

---

पेट्रीडिश_पार्ले | १४ जुलै, दुपारी १२.१५

आकडे देते. सगळ्या प्लेट ताज्या, अँपिसिलिन व्हायलचं, १.५ मिलिच्या ट्यूबमध्ये ४५ सेकंद.

फ्रीजरमधल्या सेल्स (ग्लिसरॉल नव्हतं): दहा लाख पट पातळ करून शून्य कॉलनी. १ नॅनोग्रॅम पीयूसी१९ ला शून्य.

बर्फात रात्रभर ठेवलेल्या ताज्या सेल्स, नव्या डायहायड्रेटमध्ये: पातळ केलेल्या प्लेटवर ३८०. डीएनए नसलेली अँपिसिलिनची प्लेट कोरी. १ नॅनोग्रॅम पीयूसी१९, एकूण १ मिलि, त्यातले १०० मायक्रोलिटर पसरले: २१२ कॉलनी. १७ तासांना सॅटेलाइट नाहीत. चौथ्या प्लेटवर रेघ छान उगवली.

जुन्या कॅल्शियम द्रावणाचं टायट्रेशनही केलं. ईडीटीए ६.९ मिलि.

---

कंट्रोल_आधी | १४ जुलै, दुपारी २.४०

हिशेब असा. १ नॅनोग्रॅम १ मिलित, त्यातला दहावा भाग प्लेटवर, म्हणजे प्लेटवर डीएनए ०.१ नॅनोग्रॅम. एका मायक्रोग्रॅममध्ये असे दहा हजार भाग. २१२ गुणिले १०,००० म्हणजे मायक्रोग्रॅममागे २१ लाख. अखंड प्लाझ्मिडच्या प्रात्यक्षिकाला भरपूर. मुलांना लायगेशनही (प्लाझ्मिडमध्ये डीएनएचा तुकडा जोडणं) करायला देणार असाल तर मात्र हे काठावरचं आहे, लायगेशनच्या मिश्रणातून शेकडो पट कमी येतात. तिथे १०० नव्हे, सगळे १ मिलि हलकेच सेंट्रिफ्यूज करून, १०० मायक्रोलिटरमध्ये परत मिसळून एकाच प्लेटवर पसरा.

६.९ मिलि म्हणजे तुमचं जुनं द्रावण ०.०६९ मोलार होतं. तरी सेल्स मारल्या त्या फ्रीजरने.

---

अँटॉपहिल_अगार | १४ जुलै, दुपारी ३.३०

रंग हवा असेल तर एक्स-गॅल घाला, मुलांना निळ्या कॉलनी आवडतात. डीएमएफ या द्रावकात २० मिग्रॅ/मिलि, प्लेटवर ४० मायक्रोलिटर पसरून अर्धा तास वाळू द्या. डीएच५ अल्फात लॅक-आय-क्यू (निळ्या रंगाचं जनुक जोरात दाबून ठेवणारं) नाही, त्यामुळे ते जनुक चालू करणाऱ्या आयपीटीजीशिवाय भागतं. स्टॉक पॉलिप्रोपिलीनच्या ट्यूबमध्ये, फॉइल गुंडाळून, मायनस २० ला; पॉलिस्टायरीनची ट्यूब डीएमएफने विरघळते. स्टॉक पिवळा पडला तर टाकून द्या.

---

मायनस_वीस | १४ जुलै, संध्याकाळी ५.१०

३० जणांचं गणित करून ठेवतो. १५ जोड्या, प्रत्येकी दोन ट्यूब, एक डीएनएसह, एक शिवाय, ट्यूबला १०० मायक्रोलिटर: एकूण ३ मिलि सेल्स. १०० मिलि कल्चरमधून ४ मिलि मिळतात, म्हणजे दोन-चार ट्यूब सांडल्या तरी भागतं. प्लेट जोडीला तीन, एकूण ४५, गुणिले २० मिलि म्हणजे ९०० मिलि. १ लिटर अगार करा.

डीएनए १ नॅनोग्रॅम, आकारमान ५ मायक्रोलिटरपेक्षा जास्त नको. बर्फात ३० मिनिटं. सगळ्या ट्यूब एकदम वॉटर बाथमध्ये बुडवू नका, ३० थंड ट्यूब एकत्र गेल्या की छोट्या बाथचं पाणी दोन-तीन अंश उतरतं आणि काटा ४२ वर यायच्या आत ४५ सेकंद संपतात. पाच-पाच जोड्यांच्या तीन फेऱ्या करा, मधे दोन मिनिटं थांबा. बाथच्या डिस्प्लेवर विसंबू नका, थर्मामीटर ट्यूबच्या शेजारी पाण्यात बुडवा. बर्फात परत २ मिनिटं, ९०० मायक्रोलिटर एसओसी (पोषक माध्यम), नसेल तर एलबीत २० मिलिमोलार ग्लुकोज घालून. ३७ अंशाला एक तास, ट्यूब शेकरमध्ये आडव्या. या तासात बीटा-लॅक्टमेझ तयार व्हायला वेळ मिळतो, बसची वेळ झाली म्हणून मुलांना तो २० मिनिटांवर आणू देऊ नका.

प्लेट दुसऱ्या दिवशी सकाळी ९ ला मोजायच्या असतील तर दुपारी ४ ते ५ च्या दरम्यान आत गेल्या पाहिजेत. मोजून झालं की सगळं १२१ अंशाला ३० मिनिटं ऑटोक्लेव्ह, मगच पिशवीत.